चांदीचा डच पवनचक्की-पेला कसा तपासावा: ठसे सगळ्यात शेवटी बघा

या पेल्याला बैठकच नाही. भरलेला पेला टेबलावर ठेवायला गेलात तर सांडणारच. आधी तो रिकामा करायचा आणि मग पालथा घालायचा, तेव्हा कुठे तो उभा राहतो. पालथा घातला की वर दिसते चांदीची छोटी पवनचक्की: चार पाती, मागे शिडी, शिडीवर बहुतेक वेळा पाठीवर पोतं घेतलेला गिरणीवाला आणि भिंतीवर आकड्यांची तबकडी. डच भाषेत याला मोलेनबेकर म्हणतात. मोलेन म्हणजे गिरणी, बेकर म्हणजे पेला.

पिण्याचा खेळ असा होता. पेल्याचं तोंड वर करून भरायचा, म्हणजे चक्की खाली, मुठीत. मग शिडीजवळच्या नळीतून जोरात फुंकर मारायची. पाती गरगरतात आणि त्यांच्याबरोबर तबकडीवरचा काटाही फिरतो. पाती थांबायच्या आत पेला रिता झाला तर जिंकलात. नाही झाला, तर काटा ज्या आकड्यावर थांबला तितके पेले आणखी प्यायचे. १६व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे १७व्या शतकात डच घरांत आणि मेजवान्यांत हे चालायचं. पिण्याची भांडी ही त्या काळात मिरवायची गोष्ट होती. बार्थोलोमेउस व्हान डर हेल्स्टच्या १६४८ सालच्या मोठ्या चित्रात ॲमस्टरडॅमच्या नगररक्षकांची मेजवानी आहे, त्यात कॅप्टनच्या हातात चांदीने मढवलेलं शिंग आहे. ते १५६६ सालचं खरं शिंग आजही जपलेलं आहे.

असा एक पेला माझ्या घरी आहे. मी नेदरलँड्समध्ये राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी तो घेतला. विकणाऱ्याने ठसे (चांदीवर मारलेल्या हॉलमार्कच्या खुणा) दाखवले, "हार्लेम, साधारण १६१०" असं सांगितलं आणि मी ठशांचं पुस्तक उघडून बसले. तिथेच चुकलं. माझे बाबा सांगलीला चांदीचे कारागीर. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना कौतुकाने ठसे दाखवायला लागले, तर ते म्हणाले, "अगं, ठसे राहू दे. काठ दाखव आधी." काठ पाहून ते काही बोललेच नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तपासणीचा पुढचा क्रम बाबांनी दिलेला आहे, त्यात डच चांदीपुरती भर माझी. ठसे सगळ्यात शेवटी, कारण नकली ठसा मारायला दोन मिनिटं लागतात, पण चारशे वर्षांची झीज तशी मारता येत नाही.

हात लावण्याआधी

टेबलावर मऊ सुती कापड घाला. हातात नायट्राइलचे मोजे घाला. साधे रबराचे नकोत, रबरात गंधक असतं आणि गंधकानेच चांदी काळी पडते. पेला उचलताना वाटीच्या भागाला दोन्ही हातांनी धरा, चक्कीला धरून कधीही उचलू नका. पाती बोटाने फिरवू नका आणि फुंकर तर मुळीच मारू नका. मला माहीत आहे, पहिला मोह तोच होतो. पण आस शतकानुशतके घासलेला असतो, पाती पत्र्यासारखी पातळ असतात आणि नळीतून गेलेली ओल आत बसून राहते.

सोबत दहापट दाखवणारं भिंग, एक टॉर्च, ग्रॅमचा तराजू आणि फोन एवढं पुरतं. कसोटीचा दगड आणि आम्ल घरीच राहू दे. जुन्या भांड्यावर कस घेणं म्हणजे नवा ओरखडा काढणं.

काठ

हा पेला रिकामा असताना काठावर उभा राहतो, हे लक्षात ठेवा. म्हणजे इतर पेल्यांत बुडाला जी झीज दिसते ती इथे काठाला दिसायला हवी. टॉर्च आडवी धरा, जवळजवळ काठाला टेकवून. खऱ्या जुन्या काठावर बारीक ओरखडे सगळ्या दिशांनी असतात, काही खोल, काही जेमतेम, एकमेकांवरून गेलेले. लाकूड, दगड, कथलाचं ताट, जिथे जिथे तो पालथा घातला गेला त्या सगळ्यांची ही खूण. काठाची धार अंगठ्याला गोलसर लागते. एखाद्या जागी लहानसा पोचा असतो, कारण दारूच्या खेळात पेला आपटला जाणारच.

माझ्या पेल्याचा काठ एकसारखा गुळगुळीत होता. पात्यांवर मात्र भरपूर ओरखडे, सगळे एकाच दिशेने, जणू कुणी बारीक पॉलिश पेपर ओढलाय. जिथे टेबल लागायचं तिथे झीज नाही आणि जिथे कुणी सहसा हात लावत नाही तिथे झीज. बाबा गप्प झाले ते यामुळे.

घाट आणि पत्रा

आता आत बघा. त्या काळी वाटी हातोडीने उठवली जायची. चांदीचा चपटा तुकडा ऐरणीवर ठोकत, मधे मधे भट्टीत नरम करत, वर वर आणायचा. त्यामुळे आत हातोडीच्या बारीक चपट्या खुणा राहतात, ओळीने, पण अगदी सारख्या नाहीत. दोन बोटांत काठापासून खालपर्यंत पत्रा चाचपा. हाताने उठवलेल्या भांड्याची जाडी जागोजागी बदलते, आणि काठ बऱ्याचदा मुद्दाम जरा जाड ठोकलेला असतो.

आत एका केंद्राभोवती बारीक गोल रेषा दिसल्या, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, तर वाटी साच्यावर फिरवून काढलेली आहे. यंत्राने पत्रा फिरवण्याचं हे काम १९व्या शतकात सर्रास झालं. आतला पृष्ठभाग बारीक दाणेदार दिसला तर आणखी सावध व्हा. विजेच्या साह्याने धातू चढवून मूळ वस्तूची प्रत काढण्याची पद्धत १८४० नंतर चालू झाली आणि बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने संग्रहालयांसाठी अशा प्रती भरपूर केल्या. त्या प्रामाणिकपणे प्रत म्हणूनच विकल्या गेल्या होत्या. पुढे हात बदलत गेले तसा हा तपशील गळून पडला.

चक्की

चक्की हा या पेल्याचा सगळ्यात नाजूक भाग, म्हणून सर्वांत जास्त बदललेलाही तोच. एखादं पातं किंवा शिडी नंतरची असली तर मला त्यात काही वाईट वाटत नाही, चारशे वर्षांत पातं मोडणारच. बदललेलं कळायला हवं एवढंच, कारण किमतीत फरक पडतो.

चारही पाती शेजारी शेजारी बघा. त्यांच्या जाळीचे चौकोन, कडेची जाडी, रंग हे एकाच हातचं वाटतं का? झाळलेल्या सांध्यांकडे लक्ष द्या. चांदीचीच झाळ असेल तर सांधा जवळपास दिसत नाही. राखाडी, मऊ, सांडल्यासारखी झाळ म्हणजे कथील आणि शिसं, अर्थात नंतरची घाईची दुरुस्ती. मग नळी: ती खरोखर आरपार आहे का हे टॉर्चने बघा. तोंडाकडचं टोक ओठांनी झिजलेलं असावं. तबकडीचे आकडे हाताने कोरलेले असतात, म्हणून दोन एक किंवा दोन दोन कधी हुबेहूब सारखे निघत नाहीत.

नक्षी

कोरीव रेघ भिंगाखाली बघायला मला सगळ्यात जास्त आवडतं. छिन्नी चांदीत शिरते तिथे रेघ बारीक असते, मधे फुगते, बाहेर पडताना पुन्हा टोकदार होते. कारागिराचा हात वळला तिथे रेघही किंचित कललेली दिसते. ओतकामात ही रेघ दोन्ही टोकांना बोथट होते आणि तळाला बारीक खड्डे असतात.

शैलीवरून काळाचा अंदाज बांधता येतो. १६व्या शतकाच्या शेवटी आणि १७व्याच्या सुरुवातीला वाटीवर गुंफलेल्या पट्ट्या, पानं, फळांचे घोस, पक्षी, कधी श्रद्धा-आशा-दया यांच्या स्त्रीरूपातल्या आकृत्या दिसतात. १५८५ साली अँटवर्प स्पॅनिश फौजेच्या ताब्यात गेलं आणि तिथले कित्येक कारागीर उत्तरेत आले. डच शहरांच्या नक्षीत अँटवर्पचा हात दिसतो तो यामुळे. उट्रेख्तच्या आदाम व्हान व्हियानेनने १६१४ साली एक प्रसिद्ध सुरई केली. तिच्यात चांदी जणू वितळून कानाच्या पाळीसारखी वळते. या मऊ लोंबत्या वळणांनी पेला भरलेला असेल तर तो त्या लाटेतला. असा पेला १६१० च्या आधीचा म्हणून विकला जात असेल तर शंका घ्या. आणि शंखशिंपल्यांच्या वळणदार महिरपी असतील तर ती १८व्या शतकाची चव आहे.

वाफेची चाचणी

ही युक्ती बाबांची, फुकटची, आणि माझ्या मते या सगळ्यात उपयोगी. फुंकर मारायची नाही, पण बाहेरच्या अंगावर "हा" करून वाफ सोडायची. चष्म्यावर सोडतो तशी. ओलीचा पातळ थर बसतो आणि विरताना जागोजाग वेगळ्या गतीने विरतो. त्या दोन-तीन सेकंदांत झाळ दिलेल्या जागा, भरलेली भोकं, खरवडून काढलेली अक्षरं किंवा कुलचिन्हं छायेसारखी वर येतात.

माझ्या पेल्याच्या काठापासून बोटभर अंतरावर वाफेत एक अंडाकृती डाग उमटला, साधारण चिंचोक्याएवढा. तिथे पत्रा दाबून बघितला तर आजूबाजूपेक्षा पातळ. कुणीतरी तिथला ठसा घासून काढला होता. कुठला ते आता सांगता येणार नाही, पण उतरवला गेला म्हणजे तो त्या "१६१०" च्या गोष्टीत बसत नव्हता.

वजन

काठाच्या आत किंवा वाटीच्या वरच्या भागात टोकदार सुईने कोरलेली बारीक अक्षरं दिसतात का ते शोधा. जुने मालक आणि सोनार वजन असंच खरवडून ठेवत. ॲमस्टरडॅमच्या मापात एक मार्क म्हणजे सुमारे २४६ ग्रॅम. मार्कचे आठ औंस, औंसचे वीस एंगेल्स, एंगेल्सचे बत्तीस आस. म्हणजे औंस ३०.७६ ग्रॅम आणि एंगेल्स १.५४ ग्रॅम धरा.

समजा खरवडलेलं वजन ९ औंस १२ एंगेल्स आहे. ९ औंसांचे २७६.८ आणि १२ एंगेल्सचे १८.५, मिळून साधारण २९५ ग्रॅम. तराजूवर २८८ आलं तर ठीक, शतकांच्या पॉलिशने चांदी थोडी झिजतेच. २४० आलं तर काहीतरी गळून पडलंय. ३३० आलं तर काहीतरी नंतर जोडलंय, आणि बहुधा चक्कीच. वजन खरवडलेलं नसेल तर पेला खोटा ठरत नाही. असेल तर मात्र तो फार बोलका पुरावा.

आता ठसे

इथवर पेला तरला असेल तरच भिंग ठशांवर न्या. डच गिल्डांच्या, म्हणजे कारागिरांच्या संघांच्या, काळात शहराचा ठसा, वर्षाचं अक्षर आणि कारागिराची खूण हे मुख्य. ॲमस्टरडॅमचे मुकुटाखाली तीन तिरके क्रूस, हार्लेमची तलवार आणि तिच्याभोवती तारे, लायडनच्या एकमेकींवर आडव्या किल्ल्या, हेगचा करकोचा, एन्कहाउझनच्या तीन हेरिंग मासळ्या. कारागिराची खूण सुरुवातीला बहुधा चित्र असे, आद्याक्षरं पुढे रूढ झाली. वर्षाचं अक्षर एकटं काहीच सांगत नाही. वर्णमाला संपली की पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे त्या त्या शहराच्या तक्त्यात अक्षराचं वळण आणि चौकट जुळवावी लागते.

काही ठसे मात्र एका फटक्यात काळ ठरवतात. हॉलंड प्रांताचा मुकुटधारी सिंह १६६३ पासून येतो, म्हणून १६०० च्या पेल्यावर मूळ ठसा म्हणून तो असू शकत नाही. शिरस्त्राणधारी मिनर्व्हा या रोमन देवीचं डोकं १८१४ च्या कायद्यानंतरचं. लहानशी कुऱ्हाड दिसली तर घाबरू नका, १८५३ ते १९२७ या काळात जुना माल पुन्हा बाजारात आला की ती मारत, त्यामुळे ती खऱ्या जुन्या पेल्यावरही सापडते. चंद्रकोर, मुकुट आणि ८०० हा आकडा म्हणजे १८८८ नंतर जर्मनीत बनलेली चांदी. मुळात दशमान आकडा दिसला की १६वं-१७वं शतक विसरा. त्या काळी शुद्धता बारा पेनिंगांत मोजत: ११ पेनिंग ५ ग्रेन ही वरची प्रत, आजच्या हिशेबात हजार भागांत ९३४ भाग चांदी, आणि १० पेनिंग ही खालची, ८३३.

मी फसले ती तलवारीला. माझ्या पेल्याच्या एका पात्यावर इवलीशी तलवार होती आणि मी ती हार्लेमची समजले. हार्लेमच्या तलवारीला तारे असतात. नुसती छोटी तलवार हा १८१४ ते १९५३ मधला, लहान वस्तूंवरचा ८३३ चा सरकारी ठसा. हे मला दीड वर्षाने कळलं.

वाटीवरचे बाकीचे तीन ठसे तर अगदी ठळक, एका ओळीत, सारख्या अंतराने. १९व्या शतकाच्या शेवटी जुन्या घाटाच्या चांदीची युरोपात मोठी हौस आली होती. जर्मनीतल्या हानाउ गावात अशी भांडी आणि त्यांवर जुन्यासारखे दिसणारे काल्पनिक ठसे ढिगांनी तयार झाले. नेदरलँड्समध्ये स्खोनहोव्हन या चांदीच्या गावातही जुन्या घाटाचं काम होत राहिलं. हानाउचा माल इंग्लंडमध्ये गेला की त्यावर इंग्रजी आयात ठसा बसे, तो कुणी पुसला नाही तर तुमचं नशीब.

मारलेला खरा ठसा पत्र्याच्या मागच्या बाजूला हलकासा उठलेला असतो, कडा आतल्या बाजूने दबलेल्या. ओतून आलेला ठसा मऊ, फुगीर आणि दाणेदार. एकाच नमुन्यावरून ओतलेल्या दोन पेल्यांवर ठसे अगदी त्याच जागी, त्याच तिरकेपणाने सापडतात. तिसरा प्रकार म्हणजे खऱ्या जुन्या चमच्यावरचा ठसा कापून नव्या भांड्यात बसवणं. त्याचा सांधा वाफेत दिसतो. काही वस्तूंवर बारीक नागमोडी खरवड असते, ती चांदी तपासायला नमुना काढल्याची खूण. ती आहे म्हणजे वस्तू जुनी असं नाही, पण जमेची एक बाजू.

यंत्र आणि कागद

रक्कम मोठी असेल तर क्ष-किरणांनी धातू तपासून घ्या. ओरखडा येत नाही. जुन्या चांदीत सोन्याचे आणि शिशाचे अंश सापडतात, विजेने शुद्ध केलेल्या आधुनिक चांदीत ते जवळपास नसतात. सोन्याचा मुलामा असेल तर त्यात पारा आहे का बघतात, कारण जुना मुलामा पाऱ्याने चढवायचे. झाळीत कॅडमियम निघालं तर ती दुरुस्ती आधुनिक आहे.

मालकीच्या कागदांत १९३३ ते १९४५ ही वर्षं नीट बघा. नाझी ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये ज्यूंची चांदी लिप्पमान, रोझेन्थाल या नावाच्या लुटारू बँकेत जमा करायला भाग पाडलं गेलं. त्या वर्षांत मालक कोण होता हे सांगता येत नसेल तर मी हात मागे घेते. वस्तू कितीही सुंदर असो. युरोपीय संघाबाहेर न्यायची असेल तर वय आणि किमतीनुसार निर्यात परवाना लागू शकतो, तो खरेदीआधी विचारा. आणि भारतात कुणी असा पेला दाखवून "वेंगुर्ल्याच्या डच वखारीतून आलेला" म्हणालं, तर हसून कागद मागा. वखार खरी आहे, तिचे अवशेष आजही उभे आहेत. पेल्याचं तिच्याशी नातं जोडायला मात्र नुसती गोष्ट पुरत नाही.

डोळा तयार करायचा तर ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि स्खोनहोव्हनचं चांदीचं संग्रहालय. तिथे काचेपलीकडून फक्त काठ बघत अर्धा तास घालवा. पहारेकरी विचित्र नजरेने बघतात, बघू देत.

घासणं, ठेवणं

रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद हे सगळं देवघरातल्या निरांजनासाठी. इथे नाही. पाण्यात बुडवायचंही नाही, चक्कीच्या आत पाणी अडकतं. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, कापसाचा बोळा, आणि लगेच कोरडं. खाचांतला काळेपणा राहू द्या, नक्षी त्याच्यामुळेच उठून दिसते. ठेवताना आम्लरहित पातळ कागदात गुंडाळा. लोकरीचं कापड, रबरबँड आणि वर्तमानपत्र जवळ नको. पेला नेहमी तोंड खाली करूनच ठेवा, कधीही चक्कीवर टेकवून नको.

माझा पेला मी विकला नाही. तो फार तर शंभर-सव्वाशे वर्षांचा असेल, त्यामुळे त्याला हे सगळे नियम लागू नाहीत. दिवाळीला मराठी मंडळी जमली की आम्ही त्यात सरबत भरतो. भाची फुंकर मारते, पाती साधारण पाच-सहा सेकंद फिरतात आणि आजवर कुणालाही पेला वेळेत संपवता आलेला नाही.